बर्फाच्या खणातलं औषध

नांदूरघाट, ता. केज
२ जुलै

प्रिय रोहिणी,

दरवेळी ‘चि. सौ. रोहिणीस अनेक आशीर्वाद’ ही ओळ आधी लिहिते आणि मग मजकूर. आज ती लिहिली नाही. विसरले नाही. पेन तिथं टेकवला होता, उचलून घेतला. फोन असताना पत्र कावून, असं तू म्हणशील. फोन लावला की तुझे आप्पा बाजेवरून कान देऊन बसतात, आणि तू ‘आई, जेवलीस का, गुडघा कसाय’ असं गोड बोलून पाच मिनिटांत माझी बोलती बंद करतेस. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही. बसून पूर्ण वाच. जावईबापूंना वाचून दाखवू नको. त्यांचं धोंड्याचं वाण राहिलं, सगळा अधिक महिना आमचा दवाखान्याच्या वाऱ्यांत गेला, त्याची लाज वेगळी आहे मला.

फ्रिज आला त्या दिवसापासून सुरू करते. पाडवा होता. गुढी उभारून मी नुकतीच नैवेद्याच्या मागं लागले होते, तेवढ्यात दारात टेम्पो. शेजारची सुंदरबाई माझ्याआधी आरतीचं ताट घेऊन हजर. ‘लेक असावी तर अशी बाई! पोरं नुसतं म्हणत्यात, पोरीनं आणून दावला!’ असं तिनं गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं. मी फ्रिजच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ उंबऱ्यावर फोडला. तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस ते आठव. ‘आई, आता दोन-दोनदा स्वयंपाकाला उभं राहायचं नाही. तुझ्यासाठी घेतलाय.’ तुझ्यासाठी. हा शब्द लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

दुकानातून अजिनाथ नावाचा माणूस आला होता बसवून द्यायला. त्यानं सगळं समजावून सांगितलं, पण कुणाला? आप्पांना. ‘काका, चार तास चालू करायचा न्हाई, टेम्पोत हललेला हाय. भिंतीपासून वीतभर लांब. गरम पातेलं आत न्हाई. उन्हाळ्यात आकडा पाचवर, थंडीत दोनवर.’ आप्पा टेम्पोच्या टायरकडं बघत ‘हां, हां’ म्हणत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन चार पावलांवर उभी. मी विचारलं, एक जास्त थंड का सात जास्त थंड? तर तो बाबा आप्पांकडं बघून म्हणतो, ‘काकूला सांगा, मोठा आकडा म्हंजी जास्त थंड.’ काकूला सांगा! काकू काय केजच्या बाजारात गेली होती का? तेव्हा मला राग आला तो मी गिळला, कारण सणाचा दिवस होता. आता वाटतं, या घरात त्या यंत्राची सुरुवातच अशी झाली. सांगायचं ते माझ्या डोक्यावरून दुसऱ्याला.

म्हणून मी त्याबरोबर आलेलं पुस्तक स्वतः वाचलं. हिंदी आणि इंग्रजीत होतं. तुझी जुनी डिक्शनरी माळ्यावरून काढली, चार दुपारी घालवल्या. तुझी आई त्या काळची मॅट्रिक आहे, पहिल्या फटक्यात पास झालेली. आप्पांनी दहावीला तीनदा फॉर्म भरला होता, हे ते कुणाला सांगत नाहीत. मला कळलं की बर्फ जाड झाला तर सुरीनं खरवडायचा नाही, आकड्याच्या मधलं बटण दाबायचं, बर्फ आपोआप वितळतो आणि पाणी मागच्या ताटलीत उतरतं. दार सारखं उघडलं तर आत गरमी शिरते, म्हणून जे काढायचं ते एकदाच काढायचं. खालचा खण थंड होत नाही, तिथं कांदे-बटाटे. दारात अंड्यांसाठी वाट्या आहेत, आपल्या घरात अंडं येत नाही, तिथं मी लिंबं ठेवली आणि तुपात भिजवलेल्या वाती. सगळ्यात वरची फळी देवाची केली. सोमवारच्या अभिषेकाचं दूध, दही, लोणी तिथंच, बाकी कशाचा शिरकाव नाही. आणि माझ्या हिशोबाच्या वहीतलं शेवटचं पान फ्रिजला दिलं. कोणती वस्तू, कोणत्या तारखेला, कोणत्या खणात. तू फोनवर खदाखदा हसलीस, ‘आई, फ्रिजचीपण वही?’ हस. ते पान कामाला आलं.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी दाराच्या कप्प्यात रबर लावलेला एक पिवळा डबा आणून ठेवला. मी विचारलं काय ते. म्हणाले, ‘गायीचं औषध हाय. हात लावू नको, विषारी असतंय.’ तिला काय धाड भरली? तर म्हणे, ‘कमजोरी आलीय.’ सकाळ-संध्याकाळ डबा काढायचा, गोठ्यात जायचं, पाच मिनिटांनी परत यायचं. मी खुळी. मुक्या जनावराला कमजोरी आली म्हणून रोज ओंजळभर सरकीची ढेप जास्तीची घातली. ती गाय इतकी फुगली की सुंदरबाई विचारायला लागली, ‘वैनी, गाभण हाय का वो?’

आता नीट वाच. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. वर देवाचं दूध आणि त्याच दारात गुराचं विषारी औषध, हे मला सहन होईना. पुस्तकात तर लिहिलेलंच आहे की एका जिनसाचा वास दुसऱ्याला लागतो. मग ठेवायचं कुठं? साऱ्या फ्रिजमध्ये स्वतःचं वेगळं दार असलेली एकच जागा आहे, बर्फाचा खण. सोवळं-ओवळं वेगळं करायला देवानंच करून दिल्यासारखी. मी तो खण पुसून घेतला आणि डबा आत सरकवला. सकाळी आप्पांनी काढला तर बाटली दगड. ‘हितं कुणी ठिवलं?’ मी म्हटलं, मी ठेवलं. गुराचं औषध देवाच्या दुधाला लागून चालायचं नाही. पटत नसेल तर गोठ्यातच ठेवा. रोहिणी, तेव्हा ते दार उघडं टाकून उभे राहिले. मी वरून ‘दार लावा, गरमी जातीय आत’ असं खेकसले. त्यांच्या तोंडात वाक्य आलं होतं. मला दिसलं होतं ते. त्यांनी ते परत घशात लोटलं आणि म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. थंडच लागतंय त्याला.’ मग रोज पहाटे डबा काढून बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवायची, चहा होईपर्यंत अंगाच्या उबेनं पातळ करायची आणि गोठ्यात जायचं. मला वाटायचं, माणसाला गायीची किती माया.

पुढं ऊन चढलं तसं ते पाणी प्यायला लागले. एक बाटली, दोन, सहा, आठ. ‘फ्रिजचं पाणी लई गोड लागतंय गं.’ मी खूश! लेकीच्या फ्रिजचं कौतुक चाललंय म्हणून मी उठता-बसता बाटल्या भरत होते. रात्री चार-चारदा उठायचे, मला वाटलं एवढं पाणी ढोसल्यावर उठणारच. सदरा अंगावर झुलायला लागला, मला वाटलं उन्हाळा. आणि दर सोमवारी प्रसादाचा शिरा. पाडव्याच्या गाठी. वैशाखात रस. ताट पुढं केलं की ‘आजून वाढ.’ मी वाढत होते! तुझ्या आप्पांना माहीत होतं आपल्याला काय झालंय, आणि खात होते. मला माहीत नव्हतं आणि वाढत होते. यावर मी त्यांना अजून एक शब्द बोललेले नाही. अंगात थोडी ताकद येऊ दे, मग बोलणार आहे. सोडणार नाही.

सतरा मेला भर दुपारी ते गव्हाणीला टेकून बसले ते उठेचनात. तोंड कोरडं ठक्क, डोळे भलतीकडं, आणि मला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारायला लागले. सुंदरबाईच्या जावयाच्या जीपमधून बीडला नेलं. दवाखान्यात सिस्टरनं मला विचारलं, ‘किती युनिट घेतात?’ मी म्हटलं, कसलं युनिट? ती म्हणाली, साखर आहे ना त्यांना. मी ठासून सांगितलं, त्यांना काही नाही, एकेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाताहेत. तिनं आप्पांच्या पिशवीतली फाइल उलटली. ‘आज्जी, दीड वरीस झालं सुया चालू हायत यांना. ह्ये बगा, पोरीचा नंबर हाय.’ तुझा नंबर. तुझ्याच अक्षरात, तो सात तू आडवी रेघ मारून काढतेस तसा. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या सुनेला म्हणाली, ‘नवराबायको बोलत न्हाईत वाटतं.’ मी ऐकलं. भर वॉर्डात ऐकलं. लोक म्हणतात धरणी पोटात घेईल तर बरं, मला तर तिथं धड बसायला स्टूलही नव्हतं.

मग एकेक धागा उसवत गेला. आप्पा गल्लीतल्या आसारामभावजींकडं सकाळ-संध्याकाळ पेपर वाचायला जात होते ना, तो पेपर म्हणजे त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलेली औषधाची बाटली. गल्लीत पुरुषमाणसं जाणत होती. माघात भावजींना त्यांच्या मुलानं लातूरला नेलं, घराला कुलूप लागलं. मधला महिना-दीड महिना आप्पांनी गोठ्यात ओल्या रेतीच्या माठात औषध जपलं. आणि मग पाडव्याला फ्रिज आला. तुझ्यासाठी घेतलाय! अगं, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी एकेकीला आत नेऊन दार उघडून दिवा लागतो कसा ते दाखवलं होतं. जानकीबाई म्हणाली, ‘नशीब काढलंस.’ मी पदरानं डोळे पुसले होते. साठ वर्षांत माझ्या एकटीसाठी म्हणून घरात आलेली ती पहिली मोठी वस्तू होती, असं मी समजले. आप्पांच्या औषधासाठी आला याचं मला वाईट वाटत नाही. त्यांच्यासाठी मी मंगळसूत्र मोडलं असतं. पण तू मला खोटं सांगून आनंद दिलास, आणि आता तो मला परतही करता येत नाही.

तुम्ही दोघांनी लपवलं कावून, तेही मला ठाऊक आहे. तुझ्या मामाचा पाय साखरेपायी काढला तेव्हा मी आठ दिवस अन्नाला शिवले नव्हते, अनवाणी परळीला वैजनाथाकडं चालत गेले होते. तुम्ही ठरवलं, हिला कळलं की ही उपास धरून बसेल, स्वतः आजारी पडेल. धरलाही असता मी उपास. पण आधी घरातला गूळ बाहेर काढला असता! आधी विचारलं असतं, ते औषध कसं ठेवायचं, कुठं ठेवायचं. ज्या बाईनं बर्फाचं पाणी कुठं उतरतं ते डिक्शनरी घेऊन वाचलं, तिनं ते नसतं वाचलं का?

आप्पांना घरी आणलं तेव्हा तू आलीस, सहा दिवस राहिलीस. रात्रंदिवस केलंस, नाही म्हणत नाही. बापाचे पाय दाबत बसलेली तू मला डोळ्यांपुढं आहेस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तू बर्फाचा खण उघडलास. डबा काढलास. बाटली उजेडाला धरून पाहिलीस, उलटी करून परत पाहिलीस. मग ती बाटली ओढणीत गुंडाळून तुझ्या पर्समध्ये टाकलीस. जेवताना भाकरीकडं बघत म्हणालीस, ‘आई, ती बाटलीच खराब निघाली गं. दुकानातूनच तशी आली असणार. होतं कधी कधी.’ मी मान हलवली. जाताना तू दारावर कागद चिकटवलास, ‘औषध फक्त या कप्प्यात’, आणि सुंदरबाईला हळूच म्हणालीस, ‘काकू, जरा लक्ष ठेवा.’ माझ्यावर? माझ्या घरात, माझ्या फ्रिजवर? ती आता रोज सकाळी विरजणाचं निमित्त काढून येते आणि दारातून मान वाकडी करून बघते. कालच मी तिला म्हटलं, या बाई, आत या, हजेरी घ्या.

तू बाटली नेलीस, खोकं ठेवून गेलीस. त्यात घडी घातलेला कागद होता, मोहरीएवढ्या अक्षरांचा. मला दोन दुपारी लागल्या. थंड जागेत ठेवा, असं आहे. त्याच्या खालीच आहे, गोठू देऊ नका. एकदा गोठलं की वितळलं तरी वापरू नका. मी डिक्शनरी मिटली आणि वहीचं शेवटचं पान काढलं. २२ मार्च, माझं अक्षर, ‘गायीचं औषध – बर्फाचा खण.’ तिथपासून सतरा मेपर्यंत छप्पन्न दिवस. छप्पन्न दिवस ते स्वतःला पाणी टोचून घेत होते म्हण ना. केजहून त्यांनी दुसरी बाटली आणली तीही मीच हातानं उचलून त्याच खणात नेऊन ठेवली, त्याचीही तारीख आहे. बाटली खराब नव्हती, रोहिणी. तिला मी खराब केलं. देवाचं दूध सोवळ्यात राहावं म्हणून मी नवरा मरणाच्या दारात नेला.

हे मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. तू सांगशील म्हणून वाट बघितली. दर फोनला तू ‘आई, तू कसलाच विचार करू नको’ म्हणतेस. डॉक्टरही मला बघून आवाज खाली करतात, आप्पा तर माझ्यापुढं शेळी झालेत. सगळे मिळून मला जपताय. जपूनच तर हे झालं!

आता सुई मीच देते. दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं. पोटाची चिमूट धरायची, सरळ टोचायचं, दहा आकडे मोजून काढायची. पहिल्या दिवशी मी चिमूट दोनदा धरून सोडली, तर हे म्हणतात, ‘घाबरू नको, गायीला असंच टोचायचो मी.’ आणि हसले. मी हसले नाही. आणि तुझा दारावरचा कागद मी काढून टाकलाय. औषध दाराच्या कप्प्यात नाही, कारण दार उघडताना तिथं आधी गरमी लागते, तेही तुझी डिक्शनरी घेऊन वाचलंय मी. ते आता वरच्या फळीवर असतं, पण मागं बर्फाच्या खणाला टेकून नाही, पुढच्या बाजूला, देवाच्या दुधाला लागून. आकडा पावसाळा लागल्यावर तीनवर आणलाय. वैजनाथानं अजून तरी तक्रार केली नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. गेल्या मंगळवारी आप्पांचा बीडहून तपासणीचा लिफाफा आला. तो त्यांनी उघडून वाचला, ट्रंकेत धोतराच्या खाली घातला आणि गोठ्यात जाऊन तुला फोन केला. परत गोठाच! मी खिडकीतून बघत होते. दबक्या आवाजात बराच वेळ बोलत होते, मग डोळे पुसून आत आले आणि मला म्हणाले, ‘गायीला वैरण टाकत होतो.’ ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला आहे. इंग्रजी मला वाचता येतं, आणि जे येत नाही त्याला डिक्शनरी आहे. तरी मी तो लिफाफा काढलेला नाही. त्यांचे डोळे चाललेत का मूत्रपिंड चाललंय, का आणखी काय, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय, कारण या वेळी कोणती वस्तू कुठं ठेवायची ते मला आधी कळलं पाहिजे, छप्पन्न दिवसांनी नाही. पण त्याच्या आधी पत्राच्या पहिल्या ओळीत एवढंच लिही, ‘आई, बाटली खराब नव्हती.’ ते लिहायला तुझा हात धजला, तरच त्याच्या खालच्या मजकुरावर माझा विश्वास बसेल. मी रडेन, पण उपास धरणार नाही, वैजनाथाची शपथ. सुई दोन वेळा द्यायची असते, उपाशी माणसाचा हात हलतो. आणि पाकिटावर आप्पांचं नाव घालू नको. आजवर या घरातलं प्रत्येक पत्र त्यांच्याच नावानं आलंय. सौ. चंद्रभागा रामप्रसाद असं पूर्ण लिही. पोस्टमन दोनदा विचारील, विचारू दे, मी दारातच बसलेली असेन. वर गाळलेली आशीर्वादाची ओळ तुझं उत्तर आलं की वेगळ्या कागदावर लिहून पाठवते.

तुझीच,
अजून राग न उतरलेली,
आई